गिगाहर्ट्झ म्हणजे नक्की काय? प्रोसेसर, वाय-फाय आणि मोबाईल बँडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेजारच्या काकूंनी नवा लॅपटॉप आणला आणि खोक्यावर बोट ठेवून विचारलं, "यावर २.४ लिहिलंय आणि आपलं वाय-फाय पण २.४ चं, मग बरोबर जुळतंय ना रे?" प्रश्न अगदी रास्त आहे, कारण दोन्हीकडे आकडा तोच, शब्दही तोच गिगाहर्ट्झ, आणि या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. आमच्या सोसायटीत लोकांचे राऊटर, लॅपटॉप मी बरीच वर्षं बघून देतोय, तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून काढली. लोक मेहनतीचे पैसे चुकीच्या आकड्यावर घालवतात त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रोसेसरचा २.४ आणि वाय-फायचा २.४ एकच आहे का?

नाही. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती वेळा, एवढंच. हाईनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ च्या सुमारास रेडिओ लहरी प्रयोगातून दाखवल्या, त्याचं नाव या एककाला दिलंय. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेरे. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७ लाख ९२ हजार. मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १० लाख, गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी.

आता प्रोसेसरमध्ये हा आकडा म्हणजे ठोका. ढोल-ताशा पथकात टोलावर सगळे ढोल चालतात ना, तसं चिपमधल्या घड्याळाच्या ठोक्यावर आतला प्रत्येक भाग एकेक पाऊल पुढे टाकतो, २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी ठोके. वाय-फायमध्ये तोच आकडा म्हणजे स्टेशन, रेडिओचा काटा जिथे लावायचा ती जागा. ७९२ लावलं की पुणे लागतं, १०१ एफएम लावलं की विविध भारती लागते, पण म्हणून १०१ वालं स्टेशन ७९२ पेक्षा चांगलं किंवा वाईट असं आपण म्हणत नाही. तर काकूंच्या लॅपटॉपचा २.४ हा कामाचा ठोका, राऊटरचा २.४ हा पत्ता. त्यांचं जुळणं न जुळणं असा प्रकारच नाही.

पण जास्त गिगाहर्ट्झचा प्रोसेसर जास्त फास्ट, एवढं तरी खरं ना?

एकाच घराण्यातल्या, एकाच पिढीच्या दोन चिप असतील तर हो. नाहीतर नाही, आणि हे या क्षेत्राने एकदा जबर किंमत मोजून शिकून घेतलंय.

१९७१ ची इंटेल ४००४ ही चिप ७४० किलोहर्ट्झची होती, म्हणजे आकाशवाणी पुण्याच्या आकड्यापेक्षाही खाली. १९८१ चा आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झ, १९९३ चा पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ, आणि मार्च २००० मध्ये एएमडीने १ गिगाहर्ट्झ गाठला, इंटेलने दोन-तीन दिवसांत मागोमाग. लोकांच्या डोक्यात बसलं की हा आकडा असाच धावणार. पेंटियम ४ तर आकडा मोठा दिसावा अशाच पद्धतीने बांधला होता, एकच काम खूप छोट्या छोट्या तुकड्यांत तोडलेलं, त्यामुळे ठोके भराभर पण प्रत्येक ठोक्याला होणारं काम कमी. २००४ मध्ये तो ३.८ गिगाहर्ट्झवर पोचला आणि तिथेच अडकला, ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ इंटेलने त्याच वर्षी रद्द केला, कारण चिप इतकी तापायला लागली की पुढे जाणं परवडेना. मग २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला, त्यातला एक फक्त २.४ गिगाहर्ट्झचा, आणि त्याने ३.८ वाल्या पेंटियम ४ ला सहज मागे टाकलं.

हिशोब बघा, १९९३ ते २००४ या ११ वर्षांत ६६ मेगाहर्ट्झवरून ३.८ गिगाहर्ट्झ, म्हणजे ५० पटीच्या वर. आणि २००४ पासून २०२४ पर्यंत २० वर्षांत ३.८ वरून ६.२, तेही इंटेलच्या सगळ्यात महागड्या डेस्कटॉप चिपमध्ये, थोड्या वेळापुरतं. पण आजचा साधा लॅपटॉप २००४ च्या मशीनपेक्षा कितीतरी पट वेगवान आहे. तो वेग ठोक्यातून आलेला नाही, एका ठोक्यात होणाऱ्या कामातून आणि जास्त कोअरमधून, म्हणजे चिपमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांतून, आलाय.

मग लॅपटॉप घेताना नेमकं काय बघू?

आधी पूर्ण मॉडेल नंबर बघा. "आय ५ आहे", "रायझन ५ आहे" एवढ्यावर थांबू नका. एक जोडी सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, नावात एका आकड्याचा फरक. पहिल्याचा बेस स्पीड २.८ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा २.०. दुकानात उभं राहून कुणीही म्हणेल २.८ वाला द्या. पण ७५२०यू मध्ये ४ कोअर आहेत आणि आतली रचना झेन २ ही जुनी आहे, ७५३०यू मध्ये ६ कोअर आणि झेन ३. दुसरा सरळसरळ वरचढ. त्या मालिकेत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो, २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४, हे एवढं लक्षात ठेवलं तरी फसगत टळते.

त्यानंतर रॅम (चालू काम मांडून ठेवायची जागा) आणि एसएसडी (फाइली साठवायची वेगवान डिस्क). ८ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी चिप असेल तर चिपमधले ०.२ गिगाहर्ट्झ वाढवण्यापेक्षा तेच पैसे १६ जीबी रॅमवर घाला, रोजच्या वापरात तो फरक हाताला जाणवतो, ०.२ गिगाहर्ट्झचा जाणवत नाही.

माझ्या लॅपटॉपवर १.३ पण लिहिलंय आणि ४.४ पण, खरं कुठलं?

दोन्ही. उदाहरणार्थ कोअर आय ५ १२३५यू, त्याचा बेस १.३ आणि टर्बो ४.४. १.३ म्हणजे ठरलेल्या १५ वॅटच्या मर्यादेत सतत काम करायची हमी, ४.४ म्हणजे थोडा वेळ, एखाद्या कोअरवर, चिप थंड असताना मारलेली धाव. एक्सेल उघडलं, पान लोड झालं, ती धाव. अर्धा तास व्हिडिओ एक्स्पोर्ट लावला की आकडा मधे कुठेतरी येऊन बसतो, आणि तो कुठे बसेल हे लॅपटॉप कंपनीने पंखा आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) किती चांगले घातलेत त्यावर असतं. म्हणून तीच चिप असलेले दोन लॅपटॉप वेगळे पळतात.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, परफॉर्मन्समध्ये सीपीयू बघा, तिथे चालू स्पीड दिसतो. तो सतत वरखाली होणारच, बिघाड नाही तो.

उन्हाळ्यात लॅपटॉप मंद होतो, मनाचे खेळ की खरंच?

खरंच. चिप साधारण १०० अंशाच्या आसपास पोचली की स्वतःला वाचवायला ठोका कमी करते. चिप आणि बाहेरची हवा यांच्यात जेवढा फरक तेवढी उष्णता बाहेर पडते, नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतील तर तो फरकच कमी होतो. त्यात लॅपटॉप गादीवर, खालची जाळी चादरीने बंद. आधी टेबलावर ठेवा, मागची बाजू वही घालून जरा उचला, दोन-तीन वर्षं झाली असतील तर पंखा उघडून धूळ साफ करून घ्या आणि चिपवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदला. नवीन लॅपटॉप घ्यायचा विचार याच्यानंतर करा.

मोबाईलवर "८ कोअर, २.३ गिगाहर्ट्झ" लिहिलंय, चांगला आहे ना?

कुठले ८ कोअर ते विचारा. हेलिओ जी३५ या मोबाईल चिपमध्ये आठही कोअर ए५३ जातीचे, २.३ गिगाहर्ट्झपर्यंत. हेलिओ जी८५ मध्ये दोन कोअर ए७५, तेही फक्त २.०, आणि सहा ए५५, १.८ चे. खोक्यावर जी३५ मोठा दिसतो, हातात घेतल्यावर जी८५ पुढे, कारण ए७५ हा मुळात ताकदीचा कोअर आहे, ए५३ आणि ए५५ हे बॅटरी वाचवायला केलेले छोटे कोअर. ॲप उघडताना, कीबोर्ड वर येताना एकदोन मोठे कोअरच कामाला येतात. आठ पोरांनी मिळून उचलायचं ओझं नसतं ते, एका पैलवानाचं काम असतं.

रॅमवर ३२०० मेगाहर्ट्झ लिहितात, म्हणजे प्रोसेसरपेक्षा रॅम फास्ट?

नाही, तो शब्दच चुकीचा वापरला जातो. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, खरा ठोका १६००, आणि ३२०० ही सेकंदाला होणाऱ्या दशलक्ष देवाणघेवाणींची संख्या.

घरी वाय-फाय २.४ वर ठेवू की ५ वर?

राऊटरच्या खोलीत ५, दोन भिंती पलीकडे २.४. असं का ते जरा समजून घेतलं तर पुढचे निम्मे प्रश्न पडणार नाहीत.

लहर किती लांब ते बघा. २.४ ची लहर साडेबारा सेंटीमीटरची, साधारण अर्धी वीत. ५ वाली पाच-सहा सेंटीमीटर, तीन बोटांची. लहर जितकी आखूड तितकी ती विटा, काँक्रीट यात जास्त शोषली जाते आणि कोपऱ्याला वळसा घालून जायची तिची ताकद कमी. नऊ इंची विटांची भिंत असेल तर ५ चा जीव तिथेच निम्मा होतो, जुन्या वाड्याच्या दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंतीपलीकडे तर त्याची आशाच सोडा.

मग ५ घ्यायचा कशाला? तर जागा. २.४ चा सगळा पट्टा २४०० ते २४८३.५, म्हणजे ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद, आणि त्यात तुमचं वाय-फाय, शेजारच्या सहा घरांची वाय-फाय, सगळे ब्लूटूथ, वायरलेस माऊस, मायक्रोवेव्ह, सगळी गर्दी. ५ मध्ये आपल्या सरकारने २०१८ मध्ये एकूण ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरायला मोकळे केले. डेटा किती वेगाने जाणार हे तुम्ही किती रुंद पट्टा घेता त्यावर ठरतं. २.४ मध्ये २० मेगाहर्ट्झची लेन निवांत मिळाली तरी नशीब, ५ मध्ये ८० ची सहज मिळते. म्हणजे ५ चा वेग हा त्या ५ या आकड्यामुळे आहे असं समजू नका, तिथे मोकळं मैदान आहे म्हणून तो वेग आहे.

माझ्या राऊटरच्या नावापुढे ५जी येतं, म्हणजे घरी ५जी आलं?

नाही हो, ते ५ गिगाहर्ट्झ. मोबाईलचं ५जी म्हणजे पाचवी पिढी, ते भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, आणि ते ५ गिगाहर्ट्झवर चालतसुद्धा नाही, मुख्यतः ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झवर आणि जिओचं ७०० मेगाहर्ट्झवरही. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन नाव बदलून टाका, "वरचं" आणि "खालचं" ठेवलंत तरी चालेल, घरातल्या मोठ्या माणसांचा गोंधळ वाचतो.

राऊटर कुठे ठेवायचा?

घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्यावर. केबलवाला दाराजवळ किंवा टीव्हीमागे ठोकून जातो कारण त्याची वायर तिथे संपते. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांकडे मागच्या खोलीत नेट येत नाही म्हणून गेलो, तर राऊटर शोकेसमध्ये, पुढे काच, मागे आरसा, बाजूला स्टीलचे डबे, वर पितळी समई. धातू आणि आरशामागचा मुलामा या लहरी परत फेकतात, पाणी त्या पिऊन टाकतं, म्हणून फिशटँकशेजारीही नको. दहा फुटी वायर आणली, राऊटर पॅसेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगला, मागच्या खोलीत फोनवर एक रेघ यायची तिथे तीन आल्या आणि नातीचा व्हिडिओ कॉल न अडकता झाला. खर्च वायरीचा फक्त. एक्सटेंडर, मेश वगैरे वाय-फाय लांब पोचवणारी यंत्रं विकत घ्यायच्या आधी हे करून बघाच, कळकळीने सांगतो.

चॅनेल बदल म्हणतात, ते काय?

२.४ मध्ये १ ते १३ चॅनेल, पण ते ५-५ मेगाहर्ट्झवर आखलेत आणि वाय-फायला लागतात २०, त्यामुळे शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. फोनवर वाय-फाय ॲनालायझर टाकून बघा कुठे गर्दी कमी आणि या तिघांतलाच एक लावा. ३ किंवा ८ वर गेलात तर दोन्ही बाजूंचा त्रास घेता आणि दोघांना देताही. २.४ वर ४० मेगाहर्ट्झची रुंदी चालू असेल तर २० करा, आकडा कमी दिसेल पण नेट तुटणार नाही.

परदेशातून सामान आणणाऱ्यांसाठी इथेच एक, अमेरिकेत १२ आणि १३ सहसा वापरत नाहीत, त्यामुळे तिथून आणलेल्या काही लॅपटॉपना किंवा स्टिकना ते दिसतच नाहीत. राऊटर ऑटोवर असेल आणि तो १३ वर गेला की "कालपर्यंत चालत होतं, आज वाय-फायच दिसत नाही" सुरू होतं. ऑटो काढा, ६ किंवा ११ लावा.

मायक्रोवेव्ह लावला की नेट अडकतं, योगायोग आहे का?

योगायोग नाही. घरचा मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, वाय-फायच्या पट्ट्याच्या बरोबर मधे, आणि दारातून अगदी थोडी गळती होतेच. ती गळती माणसाला घातक नसते, मर्यादा ठरलेली आहे, पण वाय-फायचा सिग्नल इतका बारीक असतो की त्याच्यासाठी ती आरडाओरड ठरते. घरी करून बघा, फोन २.४ वर ठेवून स्वयंपाकघरात व्हिडिओ लावा आणि कपभर दूध गरम करायला ठेवा, व्हिडिओ अडकून गोल गोल फिरायला लागेल. फोन ५ वर न्या, पुन्हा करा, काही होणार नाही. जाता जाता, पाणी २.४५ वरच तापतं असं जे सांगतात ते खरं नाही, पाणी खूप मोठ्या पट्ट्यात ऊर्जा शोषतं, कारखान्यांतले काही ओव्हन ९१५ मेगाहर्ट्झवर चालतात. हा पट्टा उद्योगांसाठी मोकळा ठेवलेला होता, वाय-फाय तिथे नंतर राहायला आलं.

स्मार्ट बल्ब काही केल्या जोडला जात नाही.

बल्ब, प्लग, पंख्याचे रेग्युलेटर, यांतल्या बहुतेकांच्या चिपला फक्त २.४ कळतं, स्वस्त पडते आणि भिंतीपलीकडे पोचते म्हणून. तुमच्या राऊटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलंय, फोन ५ वर बसलाय, आणि ॲप बल्बला तिकडे शोधतंय. बल्ब जोडेपर्यंत राऊटरमध्ये ५ बंद करा, किंवा फक्त २.४ चं गेस्ट नेटवर्क करून सगळे बल्ब तिथेच ठेवा, हे दुसरं मला जास्त आवडतं, सुरक्षेलाही बरं.

वायरलेस माऊस अधूनमधून अडखळतो, सेल नवीन आहे.

लॅपटॉपला निळ्या पोर्टमध्ये हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावलाय का बघा. युएसबी ३ चा डेटा ज्या वेगाने धावतो त्या वेगाचा रेडिओ गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात सांडतो, इंटेलनेच २०१२ मध्ये मोजून प्रसिद्ध केलंय. मला हे कळायच्या आधी मी एक बरा माऊस टाकून दिला होता. एका संध्याकाळी फोटोंचा बॅकअप घेताना बाण उड्या मारत होता, डिस्कची वायर काढली की गुळगुळीत, लावली की पुन्हा उड्या. माऊसचं डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रिसीव्हर) दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावलं, किंवा फूटभर एक्सटेंशन वायर घेऊन डिस्कपासून लांब नेलं, की संपलं.

ब्लूटूथ इअरबडचंही तेच कुळ. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलून गर्दीतून वाट काढतं, पण दादरच्या पुलावर शेकडो जणांच्या कानात तेच असतं, वर माणसाचं शरीर म्हणजे पाणीच. ज्या कानातला बड तुटतो त्याच बाजूच्या खिशात फोन ठेवा.

एसी १२०० राऊटर घेतला, ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, मिळतात ९५. कंपनी फसवतेय का?

बहुधा राऊटरचं पोर्ट. १२०० ही बेरीज आहे, २.४ चे ३०० अधिक ५ चे ८६७, आणि फोन एका वेळी एकाच बँडवर असतो. पण खरी मेख मागे, स्वस्त राऊटरना इंटरनेटची वायर लागते ते पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पुढे हवेत कितीही आकडे लिहा. घेताना "गिगाबिट पोर्ट" हे शब्द शोधा. आणि ३०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३०० मेगाबिट, डाउनलोडला सेकंदाला साधारण ३७ एमबी (मेगाबाइट), कारण ८ बिटांचा एक बाइट.

वाय-फाय ६ई, ७ घ्यावं का?

यांचं मोठं आकर्षण म्हणजे ६ गिगाहर्ट्झचा नवा कोरा पट्टा. अमेरिकेने २०२० मध्ये तिथे १२०० मेगाहर्ट्झ मोकळे केले, आपल्याकडे ५९२५ ते ६४२५ या खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी मसुदा नियम मे २०२५ मध्ये निघाले. आपल्याकडे वाय-फाय ७ लिहिलेले काही राऊटर ६ गिगाहर्ट्झचा रेडिओ न घालताच विकलेले आहेत, त्यामुळे घेण्याआधी त्या मॉडेलच्या भारतातल्या माहितीत ६ गिगाहर्ट्झ स्पष्ट लिहिलंय का ते वाचा. साध्या घराला चांगला वाय-फाय ६ राऊटर आज भरपूर आहे.

गावी ५जी फोनला रेंज नाही आणि बाबांच्या जुन्या फोनला आहे, असं कसं?

बँडमुळे. ७०० मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ एक हात लांब, ९०० ची फूटभर, या झाडी-डोंगरातून लांब जातात. ३.५ गिगाहर्ट्झची लहर ८-९ सेंटीमीटर, ती पुण्यात चौकाचौकात टॉवर असेल तिथे मस्त, कोकणात घाटाच्या वळणाआड संपली. आणि २६ गिगाहर्ट्झची सेंटीमीटरभर, ती तळहाताने अडते. फोनमध्ये नेटवर्क ४जी किंवा एलटीईवर ठेवून बघा, ५जी शोधत बसण्यात बॅटरीही जाते. बीएसएनएल घेणार असाल तर त्यांचं ४जी ७०० आणि २१०० वर आहे, ७०० म्हणजे बँड २८, तो जुन्या बऱ्याच ४जी फोनमध्ये नसतो, आधी तपासा.

रेंज वाढवायला बाजारात बूस्टर मिळतो, लावू का?

नको. परवान्याशिवाय तो लावणं बेकायदेशीर आहे, आणि हलक्या बूस्टरचा गोंगाट टॉवरलाच बहिरं करतो, मग आख्ख्या आळीचे कॉल तुटतात. घरी वाय-फाय असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा, फुकट आहे.

मुलगी अमेरिकेतून फोन पाठवतेय, इथे चालेल?

मॉडेल नंबर मागवा आणि त्यात हे बँड आहेत का बघा, ४जी साठी ३, ५, ८, ४०, ५जी साठी एन७८ आणि जिओ असेल तर एन२८. फोन कंपनीच्या योजनेत लॉक केलेला नको. आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या मॉडेलला सिम घालायची खाचच नाही, इथे ई-सिम करून घ्यावं लागेल.

या लहरींनी कॅन्सर होतो का? खरं सांगा.

या लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन तोडण्याएवढी ताकद नसते, एक्स-रेत असते तशी. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये त्यांना "कदाचित" या गटात ठेवलं, म्हणजे पुरावा अपुरा पण लक्ष ठेवू. आपल्याकडे फोनमधून शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा शरीराच्या किलोला १.६ वॅट आहे, डायलरवर स्टार हॅश शून्य सात हॅश टाइप केलं की तुमच्या फोनचा आकडा दिसतो. काळजी वाटत असेल तर इअरफोन वापरा, आणि रेंज एकच रेघ असताना लांब गप्पा मारू नका, फोन तेव्हाच सगळ्यात जोरात ओरडत असतो. आपल्या आईवडिलांना टॉवरची भीती घालणारे मेसेज पुढे पाठवू नका, एवढी विनंती.

फास्टॅग, जीपीएस, रिमोट, हे कुठल्या बँडवर?

फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, टॅगमध्ये बॅटरीच नाही, टोलनाक्याच्या लहरीवरच तो जागा होतो. जीपीएस १५७५.४२ मेगाहर्ट्झ, आपलं नाविक (भारताची जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा) ११७६.४५ वरही. टॅप करून पैसे देता ते १३.५६ मेगाहर्ट्झ. टीव्हीचा साधा रिमोट रेडिओ नाहीच, तो न दिसणारा उजेड, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, लुकलुकताना दिसतो बहुतेक वेळा. आणि ६० गिगाहर्ट्झ नवीन वाटत असेल तर जगदीशचंद्र बोसांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात ५ मिलिमीटरच्या लहरींवर काम केलं होतं, हिशोब करा, ६० च येतात.

खोडदला मोठ्या दुर्बिणीजवळ मोबाईल बंद करायला का सांगतात?

नारायणगावजवळ जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, त्या आकाशातून येणाऱ्या साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी ऐकतात, आणि मोबाईलचा ९०० चा बँड याच पट्ट्यात बसतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेला तो सिग्नल इतका क्षीण असतो की खिशातला फोन टॉवरला नुसतं "मी इथे आहे" म्हणाला तरी तो बुडून जातो. फक्त फोनच नाही, लॅपटॉपसुद्धा. सुरुवातीला मी काकूंना म्हटलं की दोन्ही गिगाहर्ट्झचा संबंध नाही, वापरणाऱ्यासाठी ते खरंच आहे, पण चिपमध्ये कोट्यवधी वेळा चालूबंद होणारी वीज थोडी तरी लहर बाहेर टाकतेच, माऊसला छळणारी युएसबी हाच प्रकार करते. म्हणून रेडिओ दुर्बिणींच्या ठिकाणी संगणकाच्या खोल्याही धातूच्या आवरणात बंद करतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला शाळांची पोरं येतात, कधी जमलं तर मुलांना घेऊन जा, आणि फोन गाडीत बसल्या बसल्याच बंद करा, फक्त सायलेंट नको, पूर्ण बंद.